वरची अर्धी पानं कोरी

मी, खाली सही करणारी, वाचनालयाच्या बालविभागात एकतीस वर्षं पुस्तकं निवडणारी बाई, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला समोरच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही, ते बरंच झालं.

कलम १. राहतं घर, भांड्याकुंड्यांसह, माझ्या एकुलत्या एक लेकीला. विकायचं असल्यास खुशाल विकावं.

कलम २. बँकेतली ठेव बालविभागाला. अट अशी की, त्यातून घ्यायचं प्रत्येक पुस्तक आधी लागोपाठ दोनदा मोठ्याने वाचावं. दुसऱ्या खेपेस वाचणाऱ्यालाच जांभई आली तर ते परत पाठवावं. शब्दांत आहे तेवढंच चित्रात असेल, तर रंग वाया गेला असं समजावं. शेवटच्या पानावर उपदेश असलेलं पुस्तक घेऊ नये. तो मुलांना घरी फुकट मिळतो.

कलम ३. माझं वीतभर उंचीचं स्टूल आमच्या मोठ्या साहेबांना. 'पोरं फाडतात' म्हणून त्यांनी चित्रांची पुस्तकं सर्वांत वरच्या फळीवर ठेवायला लावली आणि केबिनमधून सात वर्षं उंटावरून शेळ्या हाकल्या. त्यांनी त्या स्टुलावर बसून एकदा वर बघावं. (केबिनचं दार लागलं की मी पुस्तकं खाली उतरवत असे. आता कळलं तरी चालेल.)

कलम ४. 'रद्द' हा रबरी शिक्का कोणालाही देऊ नये, मोडून टाकावा. त्याचं कारण लिहिते. वकिलांनी नाक मुरडलं तरी हरकत नाही.

वाचनालयात कोटावरून निसटलेल्या बटणाचं एक पुस्तक होतं. लेक चार वर्षांची असल्यापासून मी ते रोज वाचत असे. वाचनालयातली सवय घरीही सुटली नव्हती: ती समोर स्टुलावर, पुस्तकाचं तोंड तिच्याकडे, मजकूर मला पाठ. एका पानाशी ती हमखास चित्रावर बोट ठेवून ओरडायची, "थांब ना आई! बटण इथंच आहे, त्यांना दिसतच नाहीये!"

ती सहा वर्षांची झाली तेव्हा मला वाटलं, आता चित्रं पुरे. पहिल्या वाचनाचं पुस्तक निवडताना मी दुसऱ्यांच्या मुलांना एक पान वाचायला लावत असे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पाचही मिटली तर पुस्तक अजून जड. माझ्या लेकीची मूठ वळली. मी म्हटलं, "उघड ती बोटं. माझी मुलगी आहेस तू." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बटणाच्या पुस्तकाची चार पानं फाटली होती. नियमाप्रमाणे मी शिक्का मारला आणि ते रद्दीत गेलं.

"बटण कुठे गेलं?" तिने विचारलं.

"मोठी झालीस आता," मी म्हणाले.

त्यानंतर तिने माझ्यासमोर कधी पुस्तक आणून धरलं नाही. भांडलीही नाही. दर रविवारी फोन करते, औषधं विचारते. नात झाल्यावर मी पुस्तकांची यादी करायला बसले, तर म्हणाली, "तिची पुस्तकं मी बघते गं. तू नको काही पाठवूस." नात आता चार वर्षांची आहे. तिला एकदा समोर बसवून वाचावं, एवढीच इच्छा राहिली आहे, आणि ती फार आहे.

कलम ५. ते पुस्तक मी सगळीकडे शोधलं. मिळालं नाही. म्हणून कपाटात ठेवलेली शिवलेली वही लेकीला. त्यात बटणाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्या अक्षरात, दर पानाच्या खालच्या अर्ध्यात लिहिली आहे. एक शब्दही चुकलेला नाही.

वरचा अर्धा भाग कोरा आहे. चित्रं मी निवडताना एकदाच पाहिली. पुढे पुस्तकाचं तोंड कायम तुझ्याकडे असायचं. बटण कुठे लपलं होतं ते मला आठवत नाही, बाळा. त्या पानाशी आलं की मला फक्त तुझं बोट दिसतं. बटणाची जागा तेवढी तुझ्या मुलीला तू दाखव.

सही: बालविभागाच्या बाई
साक्षीदार: डॉक्टरीणबाई, समोरचं घर
साक्षीदार: बाइंडर (वही मी शिवली. कागद रंग धरणारा घातला आहे.)
ठिकाण: माझ्या स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: महिन्याची चौदा, रविवार, फोन येऊन गेल्यावर