बाबांसाठी मृत्यूनंतर काहीही ठेवलेले नाही

आधी काय घडले ते:

१. राष्ट्रध्वज शिवणाऱ्या सरकारी कार्यशाळेत मी कापड-तंत्रज्ञ आहे. माझ्या तपासणीशिवाय तिथला ध्वज बाहेर जात नाही.

२. गेल्या वर्षी, चौकशीशिवाय अटक करू देणाऱ्या कायद्याविरुद्ध मोर्चा निघाला. पुढे आमच्याकडचा ध्वज होता. पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले.

३. ध्वज जप्त झाला. त्यावर जांभळे डाग होते. ध्वज बनावट आहे, त्याचा रंग उतरला, म्हणजे ध्वजाचा अपमान झाला, असा गुन्हा मोर्चेकऱ्यांवर दाखल झाला. ध्वज तपासायला माझ्याकडे आला.

४. ध्वज अस्सल होता. त्याचा एकही रंग सुटत नव्हता. जांभळा रंग फवाऱ्याच्या पाण्यातला होता. पळालेली माणसे नंतर ओळखता यावीत म्हणून पोलिसांनीच तो मिसळला होता. तसा अहवाल मी दिला आणि न्यायालयातही तेच सांगितले.

५. माणसे सुटली. मी निलंबित झाले.

६. माझे वडील निवृत्त सैनिक आहेत. माझ्या साक्षीपासून ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. माझे त्यांना जुळते. ते घ्यायला त्यांनी नकार दिला आहे.

आता मृत्युपत्र.

मी, वरील सैनिकाची एकुलती एक मुलगी, वय एकोणतीस, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने हे लिहीत आहे. शुद्धीबद्दल कोणाला शंका असेल तर रुग्णालयाच्या मानसतज्ज्ञांचा दाखला सोबत आहे. अवयव देणाऱ्याला तो लागतो. दडपणाबद्दल म्हणाल, तर ते कसे असते हे मला आता ओळखता येते. शस्त्रक्रियेत धोका कमी आहे, शून्य नाही. म्हणून हे कागदपत्र.

घर. राहत्या घराचा निम्मा हिस्सा माझ्या नावावर आहे. तो आत्याला मिळावा. आत्या ही बाबांची थोरली बहीण, कार्यशाळेत ध्वज शिवते. तिने मला तिथे चिकटवले असे काही लोक म्हणतात. मी परीक्षा देऊन लागले, याची नोंद असावी. हिस्सा देताना एक अट आहे: गॅलरीतला ध्वजाचा खांब हलवू नये. बाबा रोज सकाळी तिथे ध्वज चढवतात. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी पाय थरथरतात, तरी कठडा धरून चढवतात, आणि कोणी हात पुढे केला तर त्या हाताकडे बघतसुद्धा नाहीत. ग्राहक म्हणून त्यांच्याइतका किचकट माणूस कार्यशाळेने पाहिलेला नाही. शिवण जराशी तिरकी गेली म्हणून त्यांनी एकदा ध्वज परत पाठवला होता. तो सख्ख्या बहिणीने शिवलेला होता.

शिल्लक. बँकेत जे असेल ते आत्याला.

कात्री. हीही आत्याला. ध्वज शिवताना दोरा दाताने तोडायचा नाही, उष्टा ध्वज फडकवायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. नियमावलीत तो कुठेही नाही. शिवणाऱ्या बायकांनीच घातला आणि त्याच पाळतात. आत्याने एकदा सवयीने दोरा तोडला. कोणी पाहिले नव्हते. तिने अख्खी कड उसवली, कापड धुतले आणि पुन्हा शिवायला बसली. मी त्या वेळी नवीन होते. मला तपासणी तिथे शिकायला मिळाली.

भिंग. धागे मोजायचे माझे भिंग व्यवस्थापकसाहेबांना द्यावे. अहवालाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला चहा पाजला.

“बाई, निष्कर्ष काढता येत नाही, एवढंच लिहा. खोटं कुठं लिहायला सांगतोय?”

“पण निष्कर्ष निघालाय, साहेब.”

“मग निघू देऊ नका ना!”

भिंग त्यांनी अधूनमधून डोळ्याला लावावे. ही विनंती आहे, अट नाही.

रंग काढायचे द्रावण. ही बाटली तळमजल्यावरच्या दुकानदारांना. निकालानंतर आमच्या दारावर त्यांनी ‘देशद्रोही’ असे रंगवले. रंग हलका होता, पहिल्याच पुसण्यात निघाला. पुसला बाबांनी. मी बादली घेऊन बाहेर आले तर ते खाली बसून दार घासत होते. दुकानदार जिन्यात उभे होते. म्हणाले, “काका, तुमच्यासाठीच वाईट वाटतं हो.”

बाबा मान वर न करता म्हणाले, “तिच्याशी भांडायला मी आहे. तू कोण लागून गेलास?”

मग उठले, बादलीला वळसा घालून आत गेले. माझ्याशी एक शब्द नाही.

मी मोर्चात नव्हते. त्या कायद्याबद्दलचे माझे मत मी कोणाला सांगितलेले नाही आणि इथेही सांगणार नाही. बाबांना मात्र वाटते की मी बाजू घेतली.

गेल्या रविवारी आत्या त्यांना समजवायला आली. मी स्वयंपाकघरात होते. भिंत पातळ आहे.

“घे की रे किडनी. तिला काय मत असतं? गाळणी आहे ती!”

“ताई, असली बंडखोर गाळणी मला नको.”

“वा! आणि तू कोण रे? बुटांचं विसरलास होय?”

आत्या थांबली नाही. त्यामुळे मला ते पहिल्यांदा कळले. बर्फातल्या चौकीवर बाबांच्या तुकडीला मिळालेले बूट पाणी धरत. भर परेडमध्ये बाबांनी ते अधिकाऱ्याला सांगितले. अधिकारी म्हणाला, हळू बोल, शत्रूला ऐकू जाईल. बाबा म्हणाले, “शत्रूला माहीत असेल साहेब, आपल्यालाच माहीत नाही.” बूट बदलले गेले. बाबांची बढती कायमची अडली. डाव्या पायाची दोन बोटेही तोवर गेली होती. मला लहानपणी सांगितले होते की बोटांवर दार पडले.

“ते वेगळं होतं,” बाबा म्हणाले. “मी आत राहून बोललो.”

“आणि ती कुठं होती? चंद्रावर?”

बाबा दिवसाला नेमून दिलेल्या पाण्यातले घोटभर प्यायले, बस्स.

बोटे गेली, बढती गेली, आणि त्यांनी निवृत्तीपर्यंत नोकरी केली. घरी कधी कुरकूर नाही, फुशारकी नाही. हे मला माहीत असते तर साक्षीच्या पिंजऱ्यात मी कमी घाबरले असते.

बाबा. माझ्या मृत्यूनंतर बाबांना काहीही मिळू नये. मूत्रपिंड ही मालमत्ता नव्हे, ते मृत्युपत्राने देता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. त्यांना द्यायचे ते मी जिवंतपणीच देणार आहे, आणि त्यांनीही ते जिवंतपणीच घ्यायचे आहे.

साक्षीदार: डायलिसिस कक्षातील परिचारिका (सही)
वरच्या मजल्यावरील निवृत्त शिक्षिका (सही)
आत्या लाभार्थी असल्याने साक्षीदार होऊ शकत नाही. तिला हे पटलेले नाही.

लिहून देणार: मुलगी (सही)
स्थळ: राहते घर. दिनांक: सोमवार, ९ मार्च

बाबा, शल्यचिकित्सकांना गुरुवार, १२ मार्चच्या संध्याकाळपर्यंत तुमचा निर्णय हवा आहे. हो की नाही ते त्याआधी मला सांगा. तुम्ही स्वतः सांगा, आत्याकडे निरोप देऊ नका.