झीज हा शब्द

३ नोव्हें., नांदेड
दवाखान्यात आज कानाच्या सात तपासण्या. अहवालात 'श्रवणक्षमतेचा क्रमिक ऱ्हास' असं छापलेलं असतं. पेशंट विचारतात, म्हणजे? मी सांगते, हळूहळू कमी होतंय. डॉक्टर म्हणाले, सोपा शब्द शोध.

५ नोव्हें.
कोश पाहिला. ऱ्हास: मूळ ह्रस्, आखूड होणे. ह्रस्व त्यातलाच. पण आखूड एका कात्रीतही होतं. हळूहळू त्यात नाही.
निलंग्याहून आईचा फोन. आप्पांनी 'ठीक' म्हणून दिलेली विहिरीवरची मोटार आठ दिवसांत जळून परत आली. बेरिंग गेलेलं. असं पहिल्यांदाच. आप्पा पेचकसाचं टोक चालू मोटारीवर टेकवतात, मूठ कानाला. बेरिंग झिजलेलं असेल तर बारीक शिट्टी येते. त्यांचं मोटार दुरुस्तीचं दुकान या कानावर चालतं.

९ नोव्हें., निलंगा
तपासणीचं यंत्र पिशवीतून आणलं.
आप्पा: "मला लई ऐकू येतं, माय. लोकंच हळू बोलायलेत."
आई: "हाव, सगळं निलंगा कुजबुजायलंय."
आवाज आला की बोट वर करायचं. जाड आवाजांना लगेच वर. बारीक आवाजांना बोट मांडीवरच. दोन्ही कान सारखे. यंत्र माझ्या कानावर लावून पाहिलं. यंत्र बरोबर.
"काय निघालं?"
"लिहून देते." टाळलं.

१० नोव्हें., नांदेड
झीज. मूळ क्षि; संस्कृत क्षीयते, प्राकृत झिज्जइ, मग झिजणे. क्षयही तिथलाच. यात वेळ आहे, वापर आहे. शिवाय आप्पांच्या तोंडी रोज असतो.
लिहिलं: 'दोन्ही कानांत झीज. बारीक आवाज ऐकू येत नाहीत. गेलेलं परत येत नाही.' शेवटचं वाक्य खोडलं. परत लिहिलं.

१६ नोव्हें., निलंगा
आप्पांनी चष्मा लावून कागद वाचला.
"झीज. मंग बदलून टाकायचं."
"बेरिंग बदलतं, आप्पा. कान नाही. ऐकायचं यंत्र लावता येईल."
"त्यानं शिट्टी येईल?"
"थोडी. पहिल्यासारखी नाही."
कागदाची घडी खिशात. दुकानात त्यांनी दुरुस्तीची एक मोटार चालू केली आणि पेचकस माझ्याकडे दिला. टोक टेकवून मी मूठ कानाला लावली. बारीक शिट्टी, स्पष्ट. ते मोटारीकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघत होते.
"हाय का?"
"आहे."
"किती? चालंल का बदलावं?"
ते मला कुणी शिकवलेलं नाही. मोटार उद्या सकाळी न्यायला येणार आहेत. पेचकस परत टेकवला.