देवीच्या नावाचं पार्सल

२४ फेब्रुवारी, सोमवार

साडी घेतली. हिरवी, लाल काठ, पदरावर जरीचे मोर. दुकानदार कानडी, मी रत्नागिरीचा, तरी भाव पाडला. सर्वेश म्हणाला, "भाव पाडलास की दुकानदार तुझ्या तोंडाला कंटाळला?" सर्वेश गुहागरचा, माझा रूम पार्टनर. त्याचं बोलणं मनावर घ्यायचं नाही. आजचा पहिला संकल्प.

साडी आमच्या जाखमातेची. गेल्या श्रावणात आईला ताप आला तो उतरेचना. सिव्हिलला होती, माणूस ओळखत नव्हती. मी इथे बंगळूरच्या गोदामात. पट्ट्यावर पार्सलं धावतायत आणि मी तिथेच उभा राहून बोललो, माते, आयशीला उठव, शिमग्याला तुला भरजरी साडी नेसवीन. तिसऱ्या दिवशी आई उठून बसली आणि पेज मागितली.

म्हणजे देवीने आपलं काम केलं. आता माझं बाकी. घाबरण्यासारखं काही नाही. शिमगा अजून लांब आहे.

२५ फेब्रुवारी

रावजीकाकांचा फोन. ते आमच्या कातळवाडीचे गावकर, देवीपुढे गाऱ्हाणं तेच घालतात. म्हणाले, "बाबू, नवस ज्यानं बोललान, त्यानं आपल्या हातानं द्यावा. कधी येतंस?" म्हटलं, बघतो काका, मी नसलो तर इथला पट्टा बंद पडतो.

मग आई बोलली. तिला पण सांगितलं, आई, गोदामात नुसतं चिराग म्हण, कोणीपण तुला माझ्यापाशी आणून उभं करील. आई खूश. फोन ठेवताना खोकली.

ते खोकणं मला आवडलं नाही.

२७ फेब्रुवारी

रजा मागायला मंजू साहेबांच्या केबिनपर्यंत गेलो. दारात कूलर आहे. पाणी प्यायलो. परत आलो. साहेब कामात होते, पाठ दिसत होती. साहेब मला प्रेमाने 'बॉम्बे' म्हणतात. अशा माणसाला सीझनमध्ये त्रास देणं बरोबर नाही.

विचार केला, पार्सलच करायचं. अख्ख्या देशाची पार्सलं माझ्या हातून जातात आणि माझं एक जाणार नाही? आठवी नापास असलो तरी पार्सल लाइनमधला इंजिनीयरच आहे मी. लोक कसे पत्ते लिहितात! आज एकावर होतं, 'मारुती मंदिरामागे, निळा दरवाजा.' नुसता हसलो. असलं अर्धवट पार्सल पिंजऱ्यात, म्हणजे कोपऱ्यातल्या जाळीत जातं. ते आम्ही हाताने उचलत नाही, पायाने ढकलतो. हात किती जणांना पुरवायचे?

१ मार्च, शनिवार

पॅकिंग मी स्वतः केलं. आधी आंघोळ केली. साडीवर हळदकुंकवाची पुडी, वर प्लॅस्टिक, वर खोका, वर टेप. असं पॅकिंग कंपनीत कोणाचं नाही.

पत्त्यावर बाबांचं नाव घालणार होतो, पण थांबलो. देवीच्या वस्तूवर माणसाचं नाव आलं की ती उष्टी झाली, असं रावजीकाका सांगतात. म्हणून लिहिलं: श्री देवी जाखमाता, सहाणेजवळ, ता. जि. रत्नागिरी. मोबाईल नंबर माझा, देवीकडे फोन नाही म्हणून.

सर्वेश म्हणाला, "गावाचं नाव?" म्हटलं, शिमग्यात पालखी सहाणेवर बसते, जाखमाता कुठली ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तो म्हणाला, "आमच्या बाजूला पण एक आहे जाखमाता." असेल. गुहागरला काय, काहीही असतं.

४ मार्च

आज फाकपंचमी, शिमगा सुरू. कुठे कुठे ढोल वाजले असतील. पार्सल कोल्हापूर ओलांडून गेलं, मोबाईलवर दिसतं. दर अर्ध्या तासाने बघतो. भीतीने नाही. बघायची सवय असावी माणसाला.

६ मार्च, चहाच्या सुट्टीत

फोन आला! डिलिव्हरीवाला, गुरुप्रसाद नाव. "दादा, जाखमातेच्या सहाणेवर उभा हाय. माणसं हायत, ढोल हायत, देवीकडे मोबाईल नाय. ओटीपी बोला लवकर, नायतर परत नेतंव." मागून खरंच ढोल ऐकू येत होते. अंगावर काटा आला. ओटीपी दिला. वर त्याला म्हटलं, देवी तुझं भलं करो.

नवस फिटला. सर्वेशला चहा पाजला. तो म्हणाला, "गावाला फोन करून विचार आधी." म्हटलं, विचारायचं काय त्यात? सिस्टीम आहे.

७ मार्च

दिशाताईला फोन केला. माझी मोठी बहीण, गावातच दिलेली, तोंडाने फटकळ. म्हटलं, साडी कशी वाटली? म्हणाली, "कसली साडी?"

आमची पालखी अजून देवळातच आहे. ढोल अजून खुंटीवर. रावजीकाकांकडे कोणी आलं नाही, गेलं नाही.

मोबाईलवर बघितलं. 'डिलिव्हर्ड. स्वीकारणारी व्यक्ती: देवी.'

तीनदा वाचलं. मग फोन उशीखाली ठेवला. रात्री चार वेळा उशी उचलून परत वाचलं. सर्वेश म्हणाला, वाचून गाव बदलत नाही. त्याला काय कळतं.

८ मार्च

कस्टमर केअर. बाई बोलल्या, ग्राहकाला पार्सल मिळाल्याची नोंद आहे, आपलं ग्राहकाशी नातं काय? म्हटलं, भक्त. बाई म्हणाल्या, तक्रार ग्राहकाने स्वतः करावी लागेल.

उद्यापासून कडक भूमिका घ्यायची.

९ मार्च, रविवार

कडक भूमिका घेतली. गुरुप्रसादला अकरा वाजता फोन, बाराला फोन, एकला उचलला. म्हणाला, "दादा, माझ्या रूटवर तीन जाखमाता हायत. दोन सहाणा एकाच रस्त्याला. तुमी गावाचं नाव घातलात काय? नाय घातलात. मी ढोल वाजत होते तिथं दिली."

म्हटलं, कुठे वाजत होते? म्हणाला, "फणसकोंडात."

फणसकोंड म्हणजे आमच्या डोंगराच्या पलीकडचं गाव. तिथे पण जाखमाता. ती आमच्या देवीची धाकटी बहीण.

जेवलो नाही. उपास आहे असं सर्वेशला सांगितलं.

१० मार्च

दिशाताईने फणसकोंडात माणूस पाठवला, मग सगळं कळलं. खोका देवीच्या नावाचा, माणसाचं नाव कुठेच नाही, तर तिथल्या गावकरांनी खोका देवीपुढे ठेवला आणि कौल लावला. देवीच्या अंगावर फुलांचे कळे चिकटवून विचारलं, हे कोणाचं? उजवा कळा पडला. म्हणजे देवी म्हणाली, माझंच. गावभर गजर झाला. साडी देवीला नेसवली. देवी पालखीत बसून घरोघर निघाली, माझ्या साडीत.

रावजीकाकांना म्हटलं, तुम्ही जाऊन मागा. काका म्हणाले, "देवीच्या अंगावरचा वस्त्र मागणारा मी कोण, मेल्या? तुझ्या बापानं मागितलान काय कधी?"

मी म्हटलं, निदान बहिणीबहिणी आहेत, आपसात समजून घेतील. दिशाताई म्हणाली, "मना विचार. थोरलीनं राबायचं नि धाकटीला साडी. घरात काय होतं म्हायत हाय ना तुला?"

म्हायत आहे. तिच्या लग्नाआधी धाकट्या चुलतबहिणीला पैठणी मिळाली होती. वर्षभर आम्ही करपलेल्या भाकऱ्या खाल्ल्या.

आईशी बोललो. दोनदा खोकली. नाही, तीनदा.

१२ मार्च

संकल्प. साडीचा निकाल लागेपर्यंत मटण, मासे, अंडं बंद. पायात चप्पल नाही.

दुपारी मंजू साहेब ओरडले, बॉम्बे, सेफ्टी शूज कुठे? बोट तुटलं तर मी भरू? बूट घातले. पण आतून अनवाणीच आहे, मोजे काढलेत. देवी आतलं बघते.

सर्वेशने बांगडा तळला. कोकमाचा वास खोलीभर. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो. झोपेत बांगडा खाल्ला असं सर्वेश म्हणतो. पुरावा नाही.

१४ मार्च, शुक्रवार

आज दोन पालख्यांची भेट. दरवर्षी गावच्या शिवेवर दोघी बहिणी भेटतात, पालख्या एकमेकींना टेकवतात, लोक रडतात. दिशाताईने व्हिडिओ कॉल लावला होता. मी गोदामाच्या संडासात उभा राहून बघितलं, कारण पट्ट्यावर फोन चालत नाही.

आमची देवी आली. गेल्या वर्षीचंच लुगडं. समोरून फणसकोंडची आली. हिरवी, लाल काठ, मोर झगमगतायत. आमच्या गावच्या बायका साडी बघेनात, आईकडे बघायला लागल्या. आई पदराने तोंड झाकून खोकत होती.

रावजीकाकांनी तिथेच गाऱ्हाणं घातलं, "बा माते, पोरगा अडाणी हाय, पत्ता चुकलान, पण मनातला भाव चुकला नाय..." मग कौल लावला, माते, नाराज आहेस काय? उजवा पडला तर हो, डावा तर नाही. कळा पडेचना. ढोल थांबले. संडासाचं दार कोणीतरी बडवत होतं. मी म्हटलं, माते, मला काय करायचं ते कर, आयशीला सोड.

कळा पडला. डावा.

काका म्हणाले, "देवी नाराज नाय. पण म्हणतेय, ज्यानं बोललान, त्यानं यावं."

१५ मार्च

निर्धार. केबिनमध्ये शिरलो. पाणी न पिता. म्हटलं, सर, रजा पाहिजे, आईचा प्रश्न आहे. 

साहेब मोबाईलवर क्रिकेट बघत होते. म्हणाले, "जाओ ना, बॉम्बे. काम किधर है? होली के बाद सब ठंडा है."

बाहेर आलो आणि कूलरपाशी थांबलो. इतक्या सहज रजा? म्हणजे यात डाव आहे. मी गेलो की माझ्या जागी दुसरा उभा करणार. हुशार माणूस असल्या वेळी जागा सोडत नाही. रजा रद्द केली.

सर्वेश म्हणाला, "तू देवीला घाबरतोस की साहेबाला, एकदा काय ते ठरव, दोघांना तारखा दे."

रात्री ठरवायचा प्रयत्न केला. ठरलं नाही. शिवाय अंधाराची पण थोडी आहेच.

१८ मार्च

आईचा फोन लागत नाही. सकाळी नाही, दुपारी नाही. दिशाताईचा पण नाही. हातातून दोन खोके पडले. एक काचेचा होता.

माते, मी पुढच्या वर्षी येतो. नक्की. दोन साड्या आणतो. दोघींना सारख्या. मोर पण सारखेच मोजून.

२१ मार्च, शुक्रवार

आईचा व्हिडिओ कॉल. उचलताना फोन दोन वेळा निसटला.

आई ओटीवर उभी. अंगावर हिरवी साडी. लाल काठ. मोर.

मला वाटलं, गेली. देवीच्या रूपात दर्शन द्यायला आली. ओरडलो. आई म्हणाली, "बोंबलतंस कशाला? मी हाय." मागून दिशाताई म्हणाली, "वाऱ्यानं खांब पडलेले, चार दिवस रेंज नव्हती, म्हणून फोन नाय. मेलेलो नाय आमी."

झालं असं, की शिमगा संपला, पालखी देवळात गेली, देवीचे दागिने उतरवले. फणसकोंडात रीत आहे, देवीची नेसती साडी एका सवाष्णीला प्रसाद म्हणून देतात. तिथल्या धोंडूबाई म्हणून म्हाताऱ्या आहेत, त्यांचा शब्द बायकांत चालतो. त्या म्हणाल्या, "जिच्यासाठी पोरानं नवस बोललान, तिच्याच अंगावर घाला." आणि डोंगर चढून स्वतः घेऊन आल्या. या वयात. गुरुप्रसादला गाडी असून जमलं नाही.

आई म्हणाली, "थोरलीनं मना उठवलंन, धाकटीनं साडी पाठवलीन. आता तू घाबरू नको रे बाबू."

म्हटलं, घाबरतोय कोण? पण खोकला? आई म्हणाली, "भाजावळ लावलीय ना शेतात, धूर जातो नाकात. दरवर्षी खोकतंय मी. तुला यंदाच ऐकायला आला."

म्हणजे पार्सल शेवटी घरी पोचलं. रूट थोडा लांब पडला, एवढंच. माझ्या पॅकिंगला ओरखडा नाही, असं आईने आवर्जून सांगितलं.

जाता जाता म्हणाली, तू येत नाहीस म्हणून थोरलीपुढचा नारळ रावजीकाकांनी गाऱ्हाणं घालून तुझ्यासाठी दिला, तो परवाच पार्सल केला. "खाली ठेवू नको. पाय तर लावूच नको हां त्याला."

म्हटलं, आई, मला शिकवतेस?

२६ मार्च, सकाळची शिफ्ट

एकदम मोकळं वाटतंय. आज पट्ट्यावर फॉर्मात होतो. पत्ता अर्धवट असलेली पाच-सहा पार्सलं आली, सगळी उजव्या पायाने पिंजऱ्यात. शेवटचं गोल काहीतरी होतं आत, गडगडत गेलं. थेट कोपऱ्यात. सर्वेश म्हणाला, "गोल!"

२६ मार्च, दुपार

मंजू साहेब पिंजऱ्यातली पार्सलं तपासायला आले. एक खोका उचलला आणि मोठ्याने वाचला: "चिराग. बडा गोदाम. बैंगलोर. नाम बोलो, कोई भी दिखाएगा." मग सगळीकडे बघितलं. "ये चिराग कौन है?"

साहेबांनी परत विचारलं. लोडिंगवाले एकमेकांकडे बघायला लागले. एक म्हणाला, काम सोडून गेला असेल.

अक्षर दिशाताईचं. खोका एका बाजूने चेपलेला. चेपलेल्या जागी बुटाचा ठसा, सेफ्टी शूजचा, नक्षीसकट. खालून पाणी गळत होतं.

मी हात वर केला नाही. माझा हात सर्वेशने वर केला.

साहेब म्हणाले, "अरे बॉम्बे, तेरा नाम चिराग है?"

२६ मार्च, रात्री

खोका डोक्यावरून खोलीत आणला. नारळ देव्हाऱ्यात ठेवला, म्हणजे खिडकीत. दोन तुकडे आहेत. खोबरं गोड आहे असं सर्वेश म्हणतो. मी अजून खाल्लं नाही. आंघोळ तीनदा झाली.

आईचा फोन. नारळ मिळाला काय? म्हटलं, मिळाला. फोडलास? म्हटलं, फोडला. शोधायला त्रास नाय ना झाला त्यांना? म्हटलं, छे, साहेबांनी स्वतः सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

आई हसली. खोकली नाही.

उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुन्न झालाय. दिवसभर उभा होतो, म्हणून असेल.