शनिवारचा चेंडू

आई, आज तुझा शनिवारचा चेंडू मारला. सांगायला दुसरं कोणी नाही. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणतील, "जपानला खेळायला गेलास काय रे?" तू शिकवलीस तेवढीच अक्षरं येतात, शाळेनं काही भर घातली नाही, म्हणून चुका सोडून वाच. तिरुप्पूर झालं, चेन्नई झालं, कुठंच बूड टेकलं नाही, आता इथं पंपाचे भाग ओतायच्या कारखान्यात आहे. इथं क्रिकेट कोणी खेळत नाही, बेसबॉल खेळतात. टाकणारा टप्पा न देता सरळ अंगावर टाकतो, मारणारा गोल दांडा फिरवतो, तीनदा हुकला की बाद. आमचा चेंडू रबराचा, आपल्या घरामागच्या कोल्लैत होता तसाच. पहिल्या दिवशी हातात घेतला आणि ते मागचं अंगण आठवलं.

आज सुट्टी होती, नदीकाठच्या मैदानावर आमच्या विभागाची लेथवाल्यांशी मॅच होती. त्यांचा टाकणारा एक जाडा माणूस. दर वेळी टाकायच्या आधी टोपीच्या कडेला बोट लावायचा. चेंडू छातीच्या उंचीवर यायचा आणि दांड्याजवळ आला की खाली बसायचा, जणू कोणी खालून ओढला. आमचे लोक एकामागून एक हवेतच दांडा फिरवून परत येत होते. फोरमन पंचाशी भांडायला गेला, म्हणे यानं टोपीच्या कडेला वंगण लपवलंय, तेच चेंडूला लावतो. पंचानं चेंडू बघितला, पँटला पुसला, परत दिला. पुसल्यावर काय दिसणार? तेवढ्यात आमच्या एकाचं मनगट मुरगळलं आणि फोरमननं माझ्याकडे बघितलं. आजवर मी बाहेर गेलेले चेंडू आणून द्यायचो. तो म्हणाला, "मारलास तर संघात. नाही तर चेंडूच गोळा कर." पण मला ते वंगण टोपीत शोधायची गरजच नव्हती. चेंडूवरच्या रेघा स्वच्छ दिसत होत्या, म्हणजे तो फिरत नव्हता. बोटं कोरडी असली की चेंडू सुटताना उलटा फिरतो आणि हवेत टिकतो. तेलकट बोटांतून तो नुसता निसटतो, मग शेवटी पडतोच. हे मला कोणी सांगितलेलं नाही, मी ते तुझ्या हातातून निसटताना बघितलंय.

गावचा, तेल लावून न्हायचा शनिवार आहे. तू तीळतेलात मिरे-जिरे टाकून वाटी कोमट केलीस, पाट मांडलास, शिकेकाई भिजवलीस. मी नारळाच्या बुंध्यापुढे झावळीच्या देठाची बॅट घेऊन उभा.

"डेय, तेल निवतंय. ये की."

"आउट झालो की येतो."

"असं? मग मीच टाकते."

तांदळाचे वडम उन्हात वाळत घातले की ते पळवायला येणाऱ्या माकडांवर दगड भिरकावून तुझा नेम तयार झालेला. तू पदर खोचतेस, चेंडू सरळ वाटीत बुचकळतेस आणि फेकतेस. मी वरून बॅट फिरवतो, चेंडू खालून जाऊन बुंध्याला लागतो.

"आई, हे चीटिंग!"

"डोक्याला लावू देत नाहीस म्हणून चेंडूला लावलं. चीटिंग कसलं?" कुंपणापलीकडची मामी खो खो हसते. तू माझा कान धरून पाटावर बसवतेस. "चेंडूला नावं ठेवू नकोस. तो यायच्या आधी तूच धावतोस. हा चेंडू तुला जन्मात मारता यायचा नाही, कण्णा."

तर ऐक. पहिला मी सोडला. दुसऱ्याला घाई केली, हुकलो, लेथवाले ओरडले. तिसऱ्याला गुडघे वाकवले आणि थांबलो. तो खाली बसायला लागला तिथं दांडा आधीच होता. चेंडू जाळीवरून पलीकडच्या बोरूच्या उंच गवतात गेला, अजून सापडलेला नाही. फोरमन विचारतो, कुठं शिकलास? म्हटलं, गावी. कोणाकडं? म्हटलं, आईकडं. सगळे हसले, त्यांना वाटलं मला प्रश्न समजला नाही. मीही हसलो. पुढच्या मॅचला माझा नंबर चौथा आहे.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, घडी करून टोपीत ठेवीन. म्हणून एक सांगून टाकतो. हा चेंडू कसा मारायचा ते मला तेव्हाच कळलं होतं, तू जायच्या बरंच आधी. एका शनिवारी तो खाली बसताना नीट दिसला होता. वाकायचं आणि थांबायचं, एवढंच. तरी मी दर शनिवारी मुद्दाम वरूनच बॅट फिरवली. मारला असता तर तू कान धरून पाटावर बसवलं नसतंस.