चार मिनिटांचा अर्क

बाई,

काल शेवग्याच्या पानांचा अर्क चार मिनिटांत निघाला आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. मी नांदेडला फार्मसी कॉलेजात शिकवते. आमच्या प्रयोगशाळेत आता मायक्रोवेव्ह आहे. दिसतो स्वयंपाकघरातल्यासारखाच, फक्त आत बंद भांडं असतं आणि तापमानावर लक्ष ठेवावं लागतं. पानांची भुकटी पाण्यात आणि अल्कोहोलात भिजवायची, बटण दाबायचं. पेशींतला ओलावा आतूनच तापतो, भिंती फुटतात, औषधी द्रव्यं बाहेर येतात. जास्त तापवलं तर तीच द्रव्यं नासतात. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लई घाई करायलीस."

तुमच्या लातूरच्या कॉलेजात याच कामाला अख्खा दिवस जायचा. भूकंपात कपाट आडवं होऊन काचसामान फुटलं, अर्क काढायचं एक सॉक्सलेट तेवढं शाबूत राहिलं. तुम्ही स्वतः अजून अंगणात पत्र्याखाली झोपत होतात, पण ते काचेचं नळकांडं जुन्या लुगड्यात गुंडाळून जपलं होतंत. मी चाकूरहून मेडिकलच्या तयारीसाठी आलेली, सकाळ-संध्याकाळ ट्युशन. बारावीच्या पोरींत मला एकटीलाच तुम्ही ते वापरू दिलंत. "नळाचं पाणी गेलं की वाफ थंड होत नसती, लगेच बंद कर. इथून हलायचं नाही," एवढंच बजावलंत. त्या दिवशी ट्युशनला टेस्ट होती. मी गेले. परत येते तर खिडक्या सताड उघड्या, खोलीभर स्पिरिटचा वास, आणि तुम्ही फ्लास्कच्या तळाचा काळा थर खरवडताय.

"कुठं गेलतीस?"

"इथंच होते बाई. पाच मिनिटं फक्त."

"पाच मिनिटांत एवढं करपत नसतंय." तुम्ही वर पाहिलंही नाही. "टेस्ट हाय म्हणायचं. मी थांबले असते की इथं."

मला रडू आलं. तुम्ही हात धुतलेत, डबा उघडलात आणि धपाट्याचा अर्धा तुकडा माझ्या हातात ठेवलात. दुसऱ्या दिवशी मला पुन्हा तिथंच बसवलंत, शेजारी स्वतः पेपर तपासत बसलात. संध्याकाळी हिरवागार अर्क बाटलीत भरला, तेव्हा चिठ्ठीवर माझं नाव लिहिलंत. माझ्या नावाची ती पहिली वस्तू.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही लातूरच्या बसस्टँडवर भेटलात. "लागला का मेडिकलला नंबर?" मी हो म्हणाले. नंबर लागला नव्हता. फार्मसीत नाव घालायला मी नांदेडच्या गाडीची वाट बघत होते. तुम्ही समोरच्या दुकानातून पेढे आणलेत, माझ्या तोंडात एक घातलात, उरलेले सगळ्या स्टाफला वाटायला घेऊन गेलात. त्यानंतर तुमच्या घरी यायचा धीर मला झाला नाही. तुम्ही गेल्याचंही फार उशिरा कळलं.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहवतंय. फार्मसीला लागले म्हटलं असतं, तरी तुम्ही पेढे आणलेच असते. हे मला तेव्हाही माहीत होतं, बाई.