अक्रोडी खुर्चीत बसण्याचा बेत

६ नोव्हेंबर १९४९, रविवार
खुर्ची आली. कल्याणच्या बंगल्यातला गोरा साहेब विलायतेला परत गेला, त्याच्या सामानातली. अस्सल विलायती, जुनी, अक्रोडाच्या लाकडाची. हातांवर कोरलेली पानं, बैठक वेताची. बैलगाडीतून डोंबिवलीपर्यंत आणली. अख्खी चाळ गॅलरीत उभी होती. समोरच्या खोलीतला विश्राम, पोस्टातला, हात लावून बघू का म्हणाला. बघू दिलं. सुमतीने विचारलं, अक्रोड आपण कधी खाल्लाय तरी का? बायकांना पोझिशन कळत नाही.
चटईवर बसून माणसाचा हेडक्लार्क होत नाही. आजपासून संध्याकाळी खुर्चीत बसायचं, पेपर वाचायचा, कमी बोलायचं. खोबरेल चोपडून ठेवलंय. त्यामुळे आज बसता आलं नाही.

७ नोव्हेंबर
तेल जरा जास्त झालं. अजून चिकट आहे. ऑफिसची पँट एकच. उद्या नक्की.

८ नोव्हेंबर
भाऊ आले. माझे वडील. डोळे दाखवायला गावाहून, चार दिवसांसाठी. खुर्ची बघून म्हणाले, ही कोणासाठी? मी पटकन म्हणालो, तुमच्यासाठीच आणली. वेळेला सुचलं. सुमतीने माझ्याकडे बघितलं. भाऊ बसले. धोतराला तेल लागलं, तरी बसून राहिले. मी चटईवर.
चार दिवसांचाच प्रश्न आहे.

१५ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात मोतीबिंदू पिकायला वेळ आहे. तोवर भाऊ इथेच.
भाऊंसमोर खुर्चीत बसणं शक्य नाही. कोणी मनाई केलेली नाही, पण आमच्याकडे तसं नाही. शिवाय ते झोपले की खुर्चीवर त्यांची जपाची माळ असते. ती उचलायची तर आंघोळ हवी.
नवा प्लॅन. संध्याकाळी भाऊ गणपतीला जातात. उद्या ऑफिसातून लवकर सटकायचं.

१६ नोव्हेंबर
पोट दुखतंय सांगून लवकर आलो. भाऊ देवळात होते. पाय धुऊन येतो तोवर परत आले. देवळात गर्दी होती म्हणे. वर सुमतीने पोटासाठी ओव्याचा काढा दिला. प्यावा लागला.

२७ नोव्हेंबर, रविवार
आज डिप्लोमसी. भाऊंना म्हणालो, वेताच्या खुर्चीत ढेकूण फार होतात हो. भाऊ म्हणाले, मला चावत नाहीत. मग ते आणि विश्राम दोघांनी मिळून खुर्ची गॅलरीत नेली, वेतावर उकळतं पाणी ओतलं, दिवसभर उन्हात ठेवली. एकही ढेकूण निघाला नाही. माझी खुर्ची, आणि गॅलरीत सगळी पोरं आळीपाळीने बसून गेली. मी आत चटईवर. बाहेर जाऊन बसायला काय मी पोर आहे?

११ डिसेंबर, रविवार
सुमती म्हणते, सरळ सांगा ना त्यांना. पटलं. माणसाने फर्म राहावं. सकाळी वाक्य पाठ केलं. भाऊंसमोर जाऊन उभा राहिलो. म्हणालो, भाऊ, खुर्चीबद्दल जरा बोलायचं होतं. भाऊंनी मान वर केली. त्यांना आता माझा चेहरा नीट दिसत नाही, अंदाजाने बघतात. मी म्हणालो, वेत रुततो का? गादी शिवून देऊ?
सुमतीने जुन्या लुगड्याची गादी शिवली.

२० डिसेंबर
विश्राम रोज संध्याकाळी येऊन भाऊंना पेपर वाचून दाखवतो. चांगलं आहे. मी वाचला असता, पण मग चटईवर बसूनच वाचावा लागला असता, आणि त्याची सवय पडली की संपलंच. नव्या वर्षापासून काहीतरी करायचं.

८ जानेवारी १९५०, रविवार
बाजारातून आलो. खुर्ची नाही.
भाऊंनी विश्रामला देऊन टाकली. म्हणाले, इतके दिवस बघतोय, तू एकदाही तिच्यात बसला नाहीस. तुला आवड नाही. माझे पाय लोंबकळून सुजतात. तू एवढ्या हौसेने आणलीस म्हणून बसत होतो. विश्राम बिचारा रोज वाचून दाखवतो, त्याच्याकडे बसायला काही नाही.
मी म्हणालो, बरं केलंत.
मग गॅलरीत जाऊन उभा राहिलो. खुर्चीसाठी की आणखी कशासाठी, सांगता येत नाही. दोन महिने मी त्यांच्या जाण्याची वाट बघत होतो आणि ते माझं मन राखायला पाय सुजवत होते. सुमती चहा घेऊन आली. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

९ जानेवारी
निराश व्हायचं कारण नाही. खुर्ची समोरच्याच खोलीत आहे. विश्रामकडे जाणं-येणं वाढवायचं. शनिवारी संक्रांत, तिळगुळाच्या निमित्ताने सुरुवात.

१५ जानेवारी, रविवार
काल जमलं नाही, आज विश्रामकडे गेलो. तो म्हणाला, बसा ना साहेब, खुर्चीत बसा. आढेवेढे घेतले नाहीत. बसलो. हात कोरीव पानांवर ठेवले. वेत जरा कुरकुरला. पाठ अशी टेकली, की एकदम आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. विश्राम तिळगूळ आणायला आत गेला.
दारात भाऊ.
मी उठलो. उठ असं कोणी म्हणालं नव्हतं. त्यांना मी कुठे बसलोय ते दिसलंही नसेल. म्हणालो, भाऊ, या, बसा. ते म्हणाले, नको रे, मला खालीच बरं, आणि भिंतीला टेकून चटईवर बसले. वडील चटईवर असताना मी खुर्चीत कसा बसणार? त्यांच्या शेजारी बसलो. विश्राम ताट घेऊन आला. भाऊंनी त्यातला तिळगूळ घेतला, चाचपडत माझा हात शोधला आणि दिला.
खुर्ची मोकळीच होती, तेव्हा विश्रामने तिच्यावर ताट ठेवलं. भाऊ त्याला म्हणाले, आमच्या याला खुर्चीचा मोह नाही. मी तोंडात तिळगूळ असल्यामुळे नुसती मान हलवली.