दोन खुर्च्यांमधलं चाक

३ मार्च

आले एकदाची. खोली तिसऱ्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर इस्त्रीचं दुकान, त्यामुळे फरशी फुकटात गरम. घरमालकीणबाईंनी किल्ली देताना बजावलं की भिंतीला खिळा ठोकायचा नाही आणि जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही. पहिली गोष्ट जमेल. आईला फोन केला तर तिनं विचारलं, नाकावरचा राग बरोबर नेलास की इथेच विसरलीस. म्हटलं, आणलाय, त्याला वेगळं तिकीट लागत नाही.

नोकरी विमानं बनवणाऱ्या कंपनीत, वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्रात. मी सिम्युलेटर चालवणार. सहा लोखंडी पायांवर उभी असलेली एक पांढरी खोली, आत हुबेहूब कॉकपिट, काचांवर खोटं आकाश. वैमानिक पुढे बसतात आणि मी मागे बसून त्यांच्यावर संकटं सोडते. इंजिन बंद पाड, धुकं आण, चाकं अडकव. लोकांना छळायचा पगार मिळणार, अजून काय हवं? ताई म्हणाली की हे काम तुझ्यासाठीच जन्माला आलंय. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, सहवैमानिक. आमच्या घरात उडणारी ती एकटी, बाकीचे नुसतेच हवेत असतात.

६ मार्च

आज खरं काम कळलं. हिवाळ्यात जे विमान पडलं, त्यावरच आम्ही काम करतोय. आतलं कुणीही वाचलं नव्हतं. ताई याच जातीचं विमान उडवते. तेव्हापासून ही सगळी विमानं जमिनीवर आणि ताई घरात येरझाऱ्या घालतेय.

दोष असा. वेग मोजायच्या नळ्या दोन, पण शेपटीतली मोटार ऐकते एकीचंच. ती एक नळी तुंबली की मोटारीला वाटतं वेग संपला, आणि ती विमानाचं नाक खाली दाबते. दोन खुर्च्यांच्या मधे, गुडघ्यापाशी, एक मोठं काळं चाक आहे, ते तेव्हा आपोआप पुढे फिरायला लागतं. उपाय म्हणजे मोटारीचा खटका बंद करायचा आणि चाक हातानं उलटं फिरवायचं. तरबेज वैमानिक हे सहज करतो, एवढं आम्ही चौकशी समितीला दाखवायचं, मग विमानं पुन्हा उडणार. आजच्या जोडीनं चुटकीसरशी सावरलं. संचालकांनी माझी पाठ थोपटली. त्यांना सगळे हसरे साहेब म्हणतात, कारण ते हसतहसत माणसाला कामावरून काढतात.

संध्याकाळी ताईला फोनवर सगळं समजावलं. ती खूश, मीही.

११ मार्च

डोकं फिरलंय माझं.

मला वाटत होतं, वैमानिकांना ऐनवेळी कळतं. कसलं काय. आत शिरण्याआधी चहा पिताना हसरे साहेब प्रत्येक जोडीला सांगतात, की वर गेल्यावर मोटार बिघडणार आहे, खटका इथे आहे. पेपर आधी फोडायचा आणि मग शंभर टक्के निकालाची पाटी लावायची! पडलेल्या विमानातल्या त्या दोघांना कुणी चहा पाजून सांगितलं होतं? त्यांना मोटार आहे हेसुद्धा माहीत नव्हतं, पुस्तकात तिचा उल्लेख नव्हता.

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, तू नवीन आहेस. मग विचारलं की मोटारीला दोन्ही नळ्यांचं ऐकायला काय धाड भरते. त्याचं उत्तर सिम्युलेटरची दुरुस्ती बघणाऱ्या आमच्या तंत्रज्ञ माणसानं दिलं, जिन्यात, हळू आवाजात. दोन्हींचं ऐकलं तर कधीतरी त्यांचं पटणार नाही, मग इशाऱ्याचा दिवा लावावा लागेल, दिवा आला की प्रत्येक वैमानिकाला नव्यानं शिकवावं लागेल, आणि मग हे विमान घेणार कोण. एका दिव्यासाठी माणसं मारली मेल्यांनी.

१२ मार्च

जेवणाच्या सुट्टीत सिम्युलेटरमध्ये विसरलेली पिशवी आणायला गेले. वीज बंद होती, मुख्य खटका मीच पाडला होता. चाक फिरत होतं. सावकाश, पुढे. मी बघत राहिले, तसं थांबलं.

तंत्रज्ञ म्हणाला, तारांमध्ये ताण उरतो. असेल बाबा.

१४ मार्च

आज सकाळी कुलूप मी उघडलं. दोन्ही खुर्च्या अगदी पुढे सरकलेल्या होत्या. पट्टे लावलेले. नुसते लावलेले नाहीत, ताणलेले, आत माणूस बसल्यावर असतात तसे. खुर्च्यांवर कुणी नव्हतं. बैठकीला हात लावला तर गरम.

चाकाच्या कडेवर काळपट ओल होती. तळहातांची. मी पुसली, तासाभरात परत आली.

तंत्रज्ञ आता आत येत नाही. पाठ दुखते म्हणतो.

१७ मार्च

आज मी केलं ते केलं. पश्चात्ताप नाही.

कंपनीचे मुख्य वैमानिक आले होते. मेलेले दोघे निष्काळजी होते असं टीव्हीवर बोलले होते, तेच. त्यांना नुसतं विमान उतरवण्याचा सराव हवा होता. मी काही न सांगता नळी तुंबवली.

त्यांना काहीही कळलं नाही. सगळे भोंगे एकदम वाजले, ते ओरडले, नाक वर आणायला हातातला दांडा खेचत राहिले, खटक्याकडे हात गेलाच नाही. खोटी जमीन काचेवर आली.

पण त्याआधी एक झालं. मुख्य वैमानिकांचे दोन्ही हात दांड्यावर होते, शेजारची खुर्ची रिकामी होती, आणि चाक उलटं फिरू बघत होतं. कुणीतरी ते मागे ओढत होतं. जीव तोडून, इंच इंच. मुख्य वैमानिकांनीही पाहिलं. खाली उतरताना त्यांना कठडा धरावा लागला.

आणि या माणसानं लिहून काय दिलं? यंत्र बिघडलंय. हसरे साहेब हसले, आजचा सराव धरायचा नाही म्हणाले. सिम्युलेटरला कुलूप. समितीनं आधीच मान डोलावली आहे. विमानं गुरुवारपासून उडणार. पहिल्याच दिवशी ताईचं नाव लागलंय.

१८ मार्च

समितीच्या कचेरीत फोन केला. लेखी पाठवा म्हणाले. पाठवलं. पोचलं म्हणाले. बस.

ताईला हात जोडले, जाऊ नकोस. ती म्हणाली, नाही म्हटलं तर नोकरी जाईल, आणि खटका कुठे आहे ते तूच तर शिकवलंस. मी ओरडले. तिनं फोन ठेवला. नंतर आईचा आला, ताईला घाबरवू नकोस म्हणून.

मी घाबरवतेय. मी.

१९ मार्च

यंत्राची जाड केबल काढून नेली. खोली आता नुसता डबा आहे.

बाहेरून कान लावला. चाकाचा आवाज — टकटक टकटक — पुढे, मग मागे, मग पुढे —

ते दोघे थांबतच नाहीत. मेल्यावरही सुटका नाही त्यांची, आणि मुख्य वैमानिक रजेवर गेलेत, डोंगरात.

२० मार्च

ताईचं विमान सुटलं. कुलूप तोडून आत बसलेय.

केबल नाही. तरी उंचीचा काटा चढतोय.

कानाला लावायच्या यंत्रातून ताईचा आवाज. तिचाच. कॅप्टनला काहीतरी वाचून दाखवतेय, शांतपणे.

चाक पुढे फिरलं.

ताई म्हणतेय खटका. कॅप्टन म्हणतोय थांब, वेग कमी दाखवतोय, नाक खाली राहू दे. त्याला कुणी सांगितलंच नाही — मी एकाच वैमानिकाला सांगितलं, हरामखोरांनी खरं विमान उडवणाऱ्या एकालाही नाही —

ओरडले. तिला ऐकू जात नाही.

तिनं खटका पाडला. उशिरा. आता चाक हातानं — पण हलत नाही. नाक खाली, वेग वाढलाय, चाक दगड झालंय. आमच्या परीक्षेत हलायचं. कारण सगळ्यांना आधीच माहीत असायचं, वेग वाढायच्या आत —

खुर्च्यांचे पट्टे ताणलेत. ते दोघे ओढताहेत. त्यांना पुरत नाही. मी हात घातला तर थोडं आलं. एका हातानं धरलंय, गुडघा लावलाय.

हसरे साहेब आले. म्हणाले वीज नाही, काय धरून बसलीस. मी त्यांचा हात धरून चाकावर दाबला. कळलं त्यांना. चेहऱ्यावरचं हसू गेलं. म्हटलं ओढा. म्हटलं माणसं आहेत आत, ओढा —

हात सोडवून पळाला.

एका हातानं होत नाही. पलीकडून ताईचा जोर लागतोय, मला कळतोय, ती खेचतेय, तिनं सोडलेलं नाही. दोन्ही हात लागतील. पेन ठेवते. उद्या तिला निष्काळजी म्हणालात तर याद राखा, मी एकेकाला या खुर्चीत